शून्य पूर्णांक सहा

पंखा बंद करा, एस्पेरांसा टीचर म्हणाल्या,
वारा आकड्यात शिरतो.

पेडण्यातली फेब्रुवारीची दुपार,
अकरा जण, पाच टेबलं,
टेबलागणिक थर्माकोलचे दोन पेले, एकात एक बसवलेले,
वर पुठ्ठा, पुठ्ठ्याला भोक.
दशांशाच्या खुणांचा थर्मामीटर एकच.
पुती तो कापसात निजवून ठेवायचा,
देताना खाली दुसरा हात धरायचा,
तान्ह्या मुलाच्या मानेखाली धरावा तसा.

आधी नवसागर. पारा सहा अंश उतरला,
शेवाळलेल्या पायरीवरून कोणी घसरावं तसा सरळ खाली.
मग कॅल्शियम क्लोराइड. पंधरा अंश वर.
यात चहा होईल, इस्माईल म्हणाला.
पिऊन दाखव, टीचर म्हणाल्या.

मिठाची पाळी आली तेव्हा घंटेला थोडाच वेळ होता.
मिठाचं फारसं काही होत नाही,
पुस्तकानं त्याला एक ओळ दिली होती, तीही कंसात.

घरचं मीठ आणा, असं सांगितलं होतं.
बाकीच्यांच्या घरचं पिशवीतलं, पांढरं, बोटांतून सुटणारं.
माझं आगरवाड्याचं,
पहिल्या काढणीतलं, करड्या रंगाचं, ओलसर,
वर्तमानपत्राच्या ज्या पानात बांधलं होतं
त्याची शाई मिठाला लागलेली.
मी ते लपवून तोललं.

बाटलीतलं मीठ: सत्तावीस पूर्णांक चारवरून
सव्वीस पूर्णांक पाच. नऊ दशांश.
आमचं: सव्वीस पूर्णांक आठ.
सहाच.
पुन्हा केलं. सहा.
तिसऱ्यांदा इस्माईलनं श्वास रोखून पारा वाचला. सहा.

मी पेन्सिलीनं नऊ लिहिलं.
टीचर मागे उभ्या होत्या, हे मला
त्यांच्या साडीच्या नॅप्थलिनच्या वासानं कळलं.
दिसलें तें बरय, त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच कोंकणीत.

मग त्यांनी आलेखाची रेघ मागे ओढायला शिकवली,
मीठ पडलं त्या क्षणापर्यंत,
जिथे आपण मापलेलंच नसतं:
पेला गळतो, खोली आत येते,
हाताची ऊबही येते,
तेव्हा रेघ उलटी न्यायची
आणि जे घडून गेलं ते तिथे वाचायचं.
रेघ नेली. तरी सात झाले नाहीत.

संध्याकाळी मानशीपाशी बाबाला सांगितलं.
त्यानं दारातलं पाणी आधी बघितलं, मग मला.
कमी म्हणजे आमचं वाईट?
नाही रे. मीठ विरताना पाण्याकडून थोडी ऊब मागून घेतं.
आमच्या मिठात चिखल आहे, आधीच थोडं पाणी आहे,
आणि मॅग्नेशियम, ते विरताना उलट देतं.
एक मागतो, दुसरा देतो,
म्हणून उणं कमी पडतं.
बाबानं बिडी विझवली.
म्हणजे खाडीच गो ती, म्हणाला.

नऊ खोडून मी शाईनं सहा केलं.
वहीत टीचरनी लाल काही मारलं नाही,
समासात फक्त विचारलं:
वाफ्यातलं पाणी दुपारी किती?

शनिवारी पुतीनं थर्मामीटर दिला,
नियमाबाहेर, कापसासकट,
फुटला तर माझं नाव सांगू नको, एवढंच बोलला.
ऐन बारा वाजता मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले.
छत्तीस, अडतीस. पारा डोळ्यांत चमकून दिसेना,
पदराची सावली धरायला सुकांती मावशी आली.
एकोणचाळीस पूर्णांक दोन, मी ओरडले.

बाबा पाण्यात उभा होता,
बांधाच्या पलीकडे, पाठ माझ्याकडे.
त्यानं डावी टाच जरा उचलली, पुन्हा टेकवली.
त्याच्या टाचेवर कसल्याच खुणा नाहीत,
फक्त भेगा.
अजून नाही, तो म्हणाला.

आकडा लिहिला आणि शेजारी
जागा मोकळी सोडली.